प्रश्न क्रमांक चौदा

केप्याच्या तिस्कावर उतरलो आम्ही दोघी,
मी आणि ज्योस्लिन,
गळ्यात कॉलेजची ओळखपत्रं, पाठीवर चाळीस प्रश्नावल्या,
आणि कुंकळयेकर मॅडमची ताकीद:
पोरींना विचारायचं, पोरींबद्दल नाही.
'चूक' हा शब्द तोंडातून निघता कामा नये.

एप्रिल. वाटेवर काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
कुठेतरी भट्टी लागलेली.
पाच दिवसांत भेटल्या सगळ्या मिळून अकरा.
आणखी तिघी 'मावशीकडे गेल्यात', घरच्यांनी सांगितलं,
दाराची एकच फळी उघडून.
कुठली मावशी, यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता.

सातवीचं नाव मी सांगणार नाही.
अहवालातही ती सातवीच आहे.
माझ्याहून चार वर्षांनी लहान, मांडीवर आठ महिन्यांची बाय.
मी संमतीपत्र पुढे केलं:
इथे तुझी सही, इथे आईची.
ती हसली.
हिच्या लसीच्या कार्डावर माझी एकटीची चालते,
आणि तुमच्या कागदावर माझ्या आईची लागते?
नियम आहे, मी म्हटलं. अठरा व्हायला हवीत.
ज्योस्लिन उगाच पेनाचं टोपण शोधू लागली.

आई आली काजू गोळा करून, हात चिकासकट.
सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही.
कागदावर अंगठ्याएवढा डाग राहिला, तो अजून आहे.

प्रश्न एक ते तेरा बरे गेले.
शाळा कधी सुटली. (सुटली नाही, ती म्हणाली,
बाईंनी सांगितलं घरी राहा, बरं दिसत नाही.)
दवाखान्यात कोण सोबत होतं.
बाळाचा बाप काय करतो, हा प्रश्न
मॅडमनी काढून टाकला होता, बरं झालं.

चौदा: तुम्हाला मिळणारी मदत पुरेशी वाटते का?
अजिबात नाही. थोडीफार. पुरेशी. भरपूर.
तसा शिवणवर्ग आहे पंचायतीच्या हॉलमध्ये,
मशीन आहेत, शिकवणारी आहे, भिंतीवर फलकही आहे.
वर्ग दहाला. इथून बस अकराला.
आणि मशीनवर बसलं की बायला कोण घेणार,
हे फलकावर लिहिलेलं नाही.

कुठे खूण करू? मी विचारलं.
ती म्हणाली, धर मात्शें हिला.
आणि बाय माझ्या हातात, गरम, पेजेच्या वासाची,
माझं ओळखपत्र थेट तोंडात.
माझा फोटो चोखत राहिली ती, गंभीरपणे.
आतून तांब्याचा आवाज. पाणी. पुन्हा पाणी.
किती दिवसांनी न्हात असेल कोणी इतकं सावकाश!
ज्योस्लिन घड्याळ बघत नव्हती, मीही नाही.
पण पस्तीस मिनिटं झाली, हे मला माहीत आहे.

ओले केस पाठीवर टाकून ती आली,
बायला परत मागितलं नाही.
प्रश्नावली उचलली, उलटी केली,
कोऱ्या पाठीवर दहावीचं एक गणित मांडलं.
गेल्या वर्षी हेच अडलं होतं, म्हणाली,
पोटात होती तेव्हा, सराव परीक्षेला.
सहा ओळी झाल्या. सातवीला बाय रडली.

मॅडमनी आमच्या अहवालात तांबड्या शाईने विचारलंय:
प्रतिसादक सात, प्रश्न चौदा, उत्तर का नाही?
मी समासात लिहिलं, पस्तीस मिनिटं.
मॅडमनी त्यापुढे काहीच लिहिलं नाही,
खोडलंही नाही.

परतीच्या बसमध्ये तो कागद मांडीवर होता.
शेवटची ओळ: क्ष बरोबर, आणि पुढे मोकळं.
मला येतं ते. कोणालाही येईल.
पेन उघडलं आणि बंद केलं.
खिडकीशी ज्योस्लिन म्हणाली,
मंगळवारी जाऊ या?
प्रश्नावल्या नकोत.
मी म्हटलं, दहाच्या आत पोचायला हवं.